एकेचाळीस नंबरचं कार्ड

रातीगुट्टा आरोग्य केंद्र, हैदराबाद
बुधवार, २ मार्च १९९४

बुच्चम्मा,

वस्तीत गोवर शिरला आहे आणि एकेचाळीस नंबरच्या घरातल्या मुलीला गोवराची सुई मिळालेली नाही. तिची आई सत्तेम्मा टोचू देत नाही. बुच्चम्मा समोर उभी राहून हो म्हणाली तरच देईन, म्हणते. म्हणून हे पत्र. दुसरं कोणतंही कारण असतं तर मी तुला लिहिलं नसतं, हे तू जाणतेस.

पालमूरकडून खाणीवर आलेल्या लोकांच्या झोपड्यांत परवा पहिला ताप आला. आज तीन मुलं आडवी आहेत. दारांना कडुनिंब बांधला आहे आणि देवी आली म्हणून आत कोणाला घेत नाहीत. मी आत गेले. देवीने काही म्हटलं नाही, सासवांनी म्हटलं. खाणीच्या गल्लीचं रजिस्टर पुन्हा तपासलं. सुईच्या वयाची चौसष्ट मुलं, त्रेसष्टांना दिलेली. राहिली ती एक.

दोन वर्षांपूर्वी मी तुला केंद्राच्या कामावरून काढलं ते बरोबर की चूक, हा वाद इथे नको. तू मेलेल्या मुलीच्या नावापुढे दर महिन्याला वजन लिहीत होतीस. स्वरूपा, घर क्रमांक ४१, चौदा महिन्यांची, ११ ऑक्टोबर १९८९ ला माझ्या हातात गेली. मृत्यूच्या रजिस्टरात माझी सही आहे. आणि तिच्याच कार्डावर सव्वा वर्षाने पुन्हा वजन सुरू. सात किलो शंभरवर तुटलेली रेघ, मग कोरी जागा, मग जवळजवळ अडीच वर्षं वयाच्या रकान्यात दोन किलो नऊशे. अडीच वर्षांचं नुकतं जन्मलेलं मूल! असा आलेख मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी सगळ्या बायकांसमोर विचारलं, "मेलेल्या मुलीचं वजन करतेस?" तू म्हणालीस, "मेली ती तुमच्या वहीत, सिस्टरम्मा. इकडे ती माती खातेय." बायका हसल्या. मी तुला त्याच दिवशी काढलं आणि कार्डावर आणि रजिस्टरात, दोन्हीकडे लाल रेघ मारली.

गोष्ट सरळ होती. सत्तेम्माला दुसरी मुलगी झाली, आणि तिने पहिलीचं नाव आणि पहिलीचं कार्ड तिला चिकटवलं. तू मला तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतंस. आता कार्ड म्हणतं सुई झाली आहे, आणि मूल उघडं आहे.

कामारेड्डीहून सकाळची बस धर. रविवारच्या आत ये.

सुगुणा देवदानम


रविवार, ६ मार्च

बुच्चम्मा,

तू आली नाहीस. उत्तरही नाही. तुला अक्षरं मी शिकवली आहेत, तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही.

तू गेल्यानंतरचं सांगते. लाल रेघ मारल्यापासून सत्तेम्मा केंद्राची पायरी चढलेली नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून मुलगी येते. एकटी, दर बुधवारी, लशीच्या दिवशी. बाकाच्या टोकाला, लशीच्या डब्याशेजारी बसते. बायका तिच्या बाजूला एका माणसाची जागा सोडून बसतात. रजिस्टर सांभाळणारा खाजामियाँ अजून तसाच घरांचे नंबर मोठ्याने पुकारतो. चाळीस म्हटलं की चाळीसची बाई उठते. मग तो बेचाळीस म्हणतो, कारण एकेचाळीसवर रेघ आहे. पण त्या दोन नंबरांच्या मधे, तो श्वास घेतो तेवढ्या वेळात, बाकावरून आवाज येतो, "हां."

पहिल्यांदा खाजामियाँ हसला होता. "मॅडम, ही तर न बोलावता हजर! सरकारी नोकरीला लावा." आता हसत नाही. चाळीसनंतर जरा थांबतो. मी विचारलं, थांबता कशाला? म्हणाला, "तिला बोलून घेऊ द्यावं, मॅडम. मधेच तोडलं की मला दिवसभर बरं वाटत नाही."

बारा वाजता खाणीत सुरुंग उडतात. खिडक्या हलतात, मग धूळ उतरते. बायका पदर झटकतात. ती झटकत नाही. पिठात लोळल्यासारखी पांढरी होऊन बसते आणि माझ्याकडे बघते. नाव विचारलं की "स्वरूपा". वय विचारलं की पाच बोटं. दातांवरून आणि उंचीवरून ती तीनची आहे.

काल मी घरी गेले. सत्तेम्मा दारात खडी फोडत होती. मला पाहून तिने हात थांबवला नाही.

"या, सिस्टरम्मा. पोत्यावर बसा. धुतलेलं आहे, तुमच्या साडीएवढं नाही."

"मुलीला सुई द्यायची आहे."

"झालीय." आत जाऊन तिने कार्ड आणलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "वाचा. सही कुणाची?"

माझीच. गोवर, ३ मे १९८९.

"ही सुई तिला दिलेली," मी म्हटलं. "हिला नाही. ही तुझी दुसरी मुलगी आहे."

हातोडी थांबली. शेजारच्या अंगणात म्हातारी राजव्वा शेंगा सोलत होती, तिचेही हात थांबले.

"तो शब्द माझ्या दारात परत बोलू नका," सत्तेम्मा म्हणाली.

मी मुलीची बाही वर केली. पहिलीच्या डाव्या दंडावर क्षयाच्या लशीचा व्रण होता. हिचा दंड कोरा आहे. मी तो दोघींना दाखवला. राजव्वा गुडघ्यांवर हात ठेवत आली, खाली बसली आणि मुलीचं पाऊल उचलून माझ्यासमोर धरलं. टाचेवर करंगळीच्या नखाएवढा काळा डाग.

"तू दंड बघतेस, बिड्डा. आम्ही टाच बघतो. पोर गेलं की पुरायच्या आधी मी त्याच्या टाचेला काजळ लावते. परत आलं तर ओळखू यावं म्हणून. शंभरात एखादं येतं. हे आलं."

"जन्मखूण आहे ती. कितीतरी मुलांना असते."

"असू दे की. पण आलेल्याला दुसरं म्हणायचं नसतं. दुसरं म्हटलं की ते विचारतं, मग पहिलं कुठाय? आणि बघायला जातं."

"आणि सुई दिली तर?"

"एका पोराला तीच सुई दोनदा कशाला लागेल? दोनदा दिलीस म्हणजे पोरं दोन झाली."

मी सत्तेम्माला विचारलं, मग मी केलेली ती सही खोटी समजायची का? तिने हातोडी बाजूला ठेवली. "ते तुम्ही सांगा. सही खोटी, की सुई खोटी, की पोर खोटी? तिन्हीतलं एक काहीतरी असणार. पोर तर नाही. बुच्चम्माला आणा. ती मला कधी खोटं बोलली नाही."

मी सांगितलं की सुई खरी होती, मी स्वतः टोचली होती. तू शेजारी होतीस, तुलाही आठवत असेल.

आज पस्तीस नंबरमधल्या सात महिन्यांच्या बाळाला पुरळ आलं. त्याचं अजून सुईचं वय नव्हतं. म्हणजे गोवर आता आपल्या गल्लीत आहे, सत्तेम्माच्या दारापासून सहा दारांवर. ही मुलगी हाडकुळी आहे, बारा किलोचीही नाही. तिला गोवर झाला तर ती वाचणार नाही. मी हे भीती घालायला लिहीत नाही. असली मुलं मी पाहिली आहेत.

सुगुणा देवदानम


बुधवार, ९ मार्च

बुच्चम्मा,

एकच प्रश्न विचारते. त्याचं उत्तर परतीच्या टपालाने हवं. ३ मे १९८९ बद्दल तू या मुलीला काय सांगितलं आहेस?

आज ती आली. बसली. चाळीसनंतर "हां" म्हणाली. बायका गेल्यावरही उठली नाही. मी लशीचा डबा उघडला, तर तिने हात पुढे केला आणि मनगटापर्यंत बर्फात घातला. मी तो ओढून काढला. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"आता थंड आहे," म्हणाली. "तेव्हा गरम होतं."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"मी अम्माच्या कमरेवर होते ना, तेव्हा. पाणी गरम होतं. बाटल्या तरंगत होत्या."

बाहेर लख्ख ऊन होतं. खाजामियाँ चहा आणायला गेला होता. तो नव्वद साली इथे आला, त्याला यातलं काही ठाऊक नाही. ३ मे १९८९ ला त्या डब्यात तिघींचे हात गेले. माझा, तुझा, आणि आईच्या कमरेवरून वाकलेल्या एका नऊ महिन्यांच्या मुलीचा. तो हात मी असाच ओढून काढला होता.

सत्तेम्माने ओला हात पाहिला असेल आणि पुढे कधी घरात बोलली असेल. ते शक्य आहे. बाटल्या तरंगत होत्या हे तिला दिसलं असेल का? झाकण माझ्या बाजूला होतं. मी दुपारभर ते झाकण वेगवेगळ्या बाजूंनी उघडून पाहिलं. बाकाकडून काही दिसत नाही.

आज मी तिला टोचू शकले असते. सिरिंज भरली होती. आई तिथे नव्हती. आईला विचारल्याशिवाय मी टोचत नाही, हे एक कारण. दुसरं असं की सिरिंज उचलल्यावर ती मुकाट्याने दंड पुढे करून म्हणाली, "ही खरी आहे?"

मी सिरिंज खाली ठेवली.

सुगुणा


शुक्रवार, ११ मार्च

बुच्चम्मा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा वाक्यं. पोस्टमनने आणि खाजामियाँने वाचूनच माझ्याकडे दिलं असणार, तेव्हा लपवण्यासारखं आता काही नाही. "सिस्टरम्मांना नमस्कार. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगू नको म्हणालात. लहान पोरीला मी कशाला सांगू. मी येऊन काय बोलणार. बोलायचं ते तुमच्याकडे आहे."

अक्षर अजून मुंग्यांसारखं आहे. मजकूर बरोबर आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. मला एकदा ते कागदावर पाहायचं आहे. त्या दिवशी वीज गेलेली होती आणि कारखान्यातून बर्फ आला नाही. आदल्या दिवशीचा बर्फ सकाळी आठलाच पाणी झाला. दहा वाजता बायका आल्या. मी महिनाभर घरोघर फिरून त्यांना तयार केलं होतं. दिवसाचं काम बुडवून आल्या होत्या. तू डब्यात बोट घालून म्हणालीस, "सिस्टरम्मा, पाणी ऊन झालंय. औषध मेलं असेल. बायकांना मी सांगते, पुढच्या बुधवारी या." मी म्हटलं, "तू डॉक्टर आहेस का?" अठरा मुलांना टोचलं. अठरा कार्डांवर सही केली.

ऑक्टोबरात गोवर आला. अठरांपैकी अकरा मुलं आजारी पडली. तीन गेली. सत्तेम्माची स्वरूपा, एकोणीस नंबरमधली राजमणी, बावन्न नंबरमधला बालराजू.

तुझ्या वहीत ३ मेच्या पानावर समासात तू लिहिलं होतंस, बर्फ वितळला होता. मी ते पान फाडलं. जाळायचं धैर्य झालं नाही. ते माझ्या बायबलात आहे. तुला म्हटलं, गल्लीत हे बोललीस तर पुन्हा एकही बाई मूल घेऊन येणार नाही, आणि मग तिनाची तीस होतील. ते कदाचित खरंही असेल. पण हे मला पान फाडल्यानंतर सुचलं, आधी नाही.

तुला मी वजनांसाठी काढलं नव्हतं. त्या समासासाठी काढलं. कारण मिळेपर्यंत अडीच वर्षं थांबले, एवढंच.

आणि आता बघ काय झालं आहे. त्या मुलीला सुई द्यायची तर मूल एकच आहे आणि सुई राहिली आहे, असं कोणीतरी म्हणायला हवं. काल मी विचार करत होते की मुलीसाठी हे खोटं बोलावं. सत्तेम्माला सांगावं, ती पहिली सुई फुकट गेली होती. बराच वेळ मी ते वाक्य जुळवत बसले, आणि मग लक्षात आलं की जुळवायचं काहीच नाही.

तू येऊ नकोस. मी जाते.

सुगुणा


रविवार, १३ मार्च

बुच्चम्मा,

दिली.

आज खाण बंद असते, गल्ली घरात असते. म्हणून आजचा दिवस निवडला. खाजामियाँला डबा घ्यायला सांगितलं. "मॅडम," तो म्हणाला, "माफी मागायला जाताना डबा कोण नेतं?" म्हणजे पोस्टकार्ड त्याने वाचलं होतं. मी म्हटलं, "सुई द्यायला चालले आहे. माफी वाटेत होईल."

बर्फ सकाळचा होता. वाटेत दोनदा उघडून पाहिला.

सत्तेम्मा अंगणात मुलीचं डोकं धूत होती. नवरा खाटेवर. राजव्वा तिच्या जागी. मला पाहून दारादारांतून माणसं बाहेर आली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, जेवढं तुला लिहिलं तेवढंच. बर्फ नव्हता, पाणी ऊन होतं, बुच्चम्मा नको म्हणाली, मी टोचलं. औषध मेलेलं होतं. सही माझी आहे आणि सही खोटी आहे. ज्या पोरीला टोचलं तिची सुई राहिलेली आहे.

सत्तेम्माने तांब्या खाली ठेवला, मुलीच्या केसांतलं पाणी पिळलं, पदराने डोकं पुसलं. सगळं सावकाश. मग म्हणाली, "म्हणजे मी पोरीला नेलं होतं. वेळेवर नेलं होतं."

"नेलं होतंस."

"गल्ली म्हणायची, मी रोजीच्या मागे राहिले, उशीर केला. माझी सासू मरेपर्यंत म्हणत होती."

"तू पहिल्या पाचांत आली होतीस. रजिस्टरात आहे."

तिचा नवरा उठला. मला वाटलं मारणार, आणि मी हलायचं नाही असं ठरवलं होतं. सत्तेम्माने त्याच्या छातीला हात लावून त्याला परत खाटेवर बसवलं. "बस. तू तेव्हा ताडीच्या दुकानात होतास." मग माझ्याकडे वळली. "ती परत आली म्हणून तू वाचलीस, सिस्टरम्मा. आली नसती तर आज या दगडांतला एकेक मी तुझ्यावर मोजला असता."

"माहीत आहे."

"राजव्वा," तिने विचारलं, "राहिलेली सुई दिली तर पोरं दोन होतात का?"

राजव्वाने तोंडातली शेंग संपवली. "राहिलेली म्हणजे राहिलेली. दिलेलीच नाही, तर दोनदा कुठून?"

मी कुपी फोडली, औषध मिसळलं. मुलीला सत्तेम्माने मांडीवर घेतलं. डाव्या दंडाकडे मी वळले तर मुलीने स्वतःच उजवा पुढे केला. ३ मेला मी उजव्या दंडावर टोचलं होतं, कारण डाव्यावर तो व्रण होता. ती रडली नाही. सुई निघाल्यावर माझ्या मनगटावर तिने हात ठेवला. तो हात बर्फातून काढल्यासारखा गार होता. नुकती न्हायली होती, हे मी स्वतःला सांगते आहे.

निघताना सत्तेम्मा म्हणाली, "आता बाकीच्या दोन आयांच्या घरी जा. त्यांची पोरं परत आली नाहीत."

मी एकोणीस नंबरला गेले. राजमणीच्या आईला बातमी माझ्याआधी पोचली होती. तिने आत घेतलं, पाणी दिलं. मी परत सगळं म्हटलं. ती म्हणाली, "नंतर दोन झाले मला. दोघांच्या टाचा जन्मल्याबरोबर बघितल्या. कोऱ्या. मला वाटायचं, मी काही केलं असेन म्हणून ती माझ्याकडे येत नाही." मग उठली आणि म्हणाली, "पाणी पिऊन झालं असेल तर जा." मी अजून पाणी प्यायले नव्हते. तसाच पेला ठेवून निघाले.

बावन्न नंबरला कुलूपही नाही. भिंती आहेत, छप्पर कोणीतरी नेलं. बालराजूचे आईबाप नव्वद साली गेले. कुठे, ते कोणाला सांगता येत नाही.

सुगुणा


गुरुवार, २४ मार्च

बुच्चम्मा,

मुलगी जगली आहे. ही बातमी आधी.

सुईनंतर आठवडाभराने ताप येतो, हे मी सांगून ठेवलं होतं. तरी रविवारी ताप चढला तेव्हा गल्लीने श्वास रोखला. सत्तेम्माने मला बोलावलं. दोन दिवस मी दुपारभर तिथे बसले, अंगावर पुरळ शोधत. पुरळ आलं नाही. मंगळवारी दुपारी ताप उतरला. मुलगी घामाने भिजली, उठून बसली, आंबील मागितली आणि दोन वाट्या संपवल्या. पस्तीस नंबरचं बाळही आता दूध ओढतं आहे. गल्लीत नवी केस नाही.

काल बुधवार. रजिस्टरातली लाल रेघ मी रद्द केली होती, म्हणून चाळीसनंतर खाजामियाँने पहिल्यांदा मोठ्याने पुकारलं, "एकेचाळीस!" बाकाचं टोक रिकामं होतं. त्याने पुन्हा पुकारलं. मी बाहेर पाहिलं. सत्तेम्मा दाराशी उभी होती आणि मुलगी खडीच्या ढिगावरून घसरगुंडी करत होती, दुसऱ्या चार पोरांबरोबर, आरडाओरडा करत. बारा वाजता धूळ उतरली तेव्हा तिने कुत्र्यासारखं अंग झटकलं.

मी जवळ बसून विचारलं, "डब्यातलं पाणी आठवतं का गं?"

"कुठलं पाणी?" म्हणाली, आणि पळाली. हात मी मुद्दाम धरला होता. ऊन होता, घामेजलेला.

सत्तेम्मा तिच्याकडे बघत नव्हती, बाकाकडे बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "कालपासून नावाने हाक मारली तर ओ देत नाही. स्वरूपा म्हटलं की आजूबाजूला बघते, दुसऱ्या कुणाला बोलावल्यासारखी. सिस्टरम्मा, ताप उतरला तेव्हा त्याच्याबरोबर कोण उतरलं?"

मी म्हटलं, तापातून उठलेली मुलं चार दिवस अशी वागतात. हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. तिने मान हलवली. मग पहिल्यांदाच ती माझ्या बाकावर बसली, त्या टोकाच्या जागेवर, आणि मन भरेपर्यंत रडली. बायकांनी या वेळी जागा सोडली नाही. चिकटून बसल्या.

मी १४ तारखेला केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टला सगळं लिहून कळवलं. तीन मुलांची नावं, तारीख, माझी सही. त्यांचं उत्तर आलं. ३१ मार्चला मी काम सोडून जायचं आहे. पोलिसांकडे द्यायचं की नाही, ते ते ठरवतील. मी काही म्हणणार नाही. नवी नर्स जूनपर्यंत येणार नाही. गल्लीतल्या बायकांनी ट्रस्टच्या माणसाला सांगितलं की तोपर्यंत डबा बुच्चम्माकडे राहील, नाहीतर आम्ही येत नाही. एवढ्या मोठ्याने सांगितलं की तो लगेच हो म्हणाला.

माझ्यासाठी येऊ नकोस. वह्या घ्यायला ये.

सुगुणा


गुरुवार, ३१ मार्च १९९४
रातीगुट्टा आरोग्य केंद्रात सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद

देणार: सुगुणा देवदानम, नर्स. घेणार: बुच्चम्मा. साक्षीदार: खाजामियाँ. प्रत्येक ओळ घेणारीने स्वतः वाचली. दोन ठिकाणी तिने दुरुस्ती करायला लावली, ती केली आहे.

लशीचा डबा एक, झाकण घट्ट बसतं. बर्फाच्या पिशव्या चार. डब्यातली थंडी मोजायची पाऱ्याची नळी एक, नवी.

वजनाचा काटा एक. शंभर ग्रॅम जास्त दाखवतो, ते वजा करावं.

गल्लीचं रजिस्टर, घर १ ते ६६. मृत्यूचं रजिस्टर. त्यातल्या १९८९ च्या तीन नोंदींपुढे कारण पूर्वी फक्त "गोवर" होतं. आता पुढे लिहिलं आहे: लस खराब होती, हे माहीत असताना दिली. खाली माझी सही, आजची तारीख.

३ मे १९८९ चं फाडलेलं पान, घड्यांवर विरलेलं. बुच्चम्माने ते मूळ वहीत स्वतः चिकटवलं.

घर ४१. जुनं कार्ड आईने दिलं नाही, मीही मागितलं नाही. नवं कार्ड केलं आहे. वय तीन वर्षे दोन महिने. गोवर, १३ मार्च १९९४. वजन अकरा किलो आठशे, काट्याचे शंभर वजा करून. नावाचा रकाना आईच्या सांगण्यावरून कोरा. उगादीला, नव्या वर्षाच्या सणाला, नाव ठेवणार आहेत, तेव्हा बुच्चम्माने भरावा. क्षयाची लस बाकी, आईने हो म्हटलं आहे.

घर १९. आईने कार्ड घ्यायला नकार दिला. तिची दोन मुलं बुच्चम्मा आणेल.

केंद्राच्या किल्ल्या दोन.

घर ५२, बालराजूचे आईबाप. हे सुपूर्द केलेलं नाही. खाणमजूर कुठे कुठे जातात त्या सात ठिकाणांची नावं खाजामियाँने लिहून दिली आहेत. तो कागद माझ्याकडे ठेवते आहे. पहिली बस दुपारी दोनची आहे.